खडूचे डबे आणि चंदेरी मासा

मुलांनो, क्षणभर असं समजा की तुम्ही माझी कंबर आहात.

हसू नका. वर्गात कोणी हसलं की मी धडा पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करायचो, आणि ती सवय अजून गेलेली नाही. तर तुम्ही एकाहत्तर वर्षांची कंबर आहात. चौतीस वर्षं तुम्ही फळ्यासमोर उभी राहिलात, पुढची तेरा वर्षं आरामखुर्चीत टेकून काढलीत. तुमची कोणाविरुद्ध तक्रार नाही. आणि एका संध्याकाळी तुमचा मालक काही न सांगता तुम्हाला स्टुलावर चढवतो, दोन्ही हात वर करतो, एक लाकडी कपाट भिंतीला लावून धरतो आणि खालच्या माणसाला म्हणतो, "ठोका आता खिळा. मी असा तासभर धरून ठेवतो." तुम्ही काय कराल?

माझ्या कंबरेनेही तेच केलं.

पण कंबरेकडे यायचं तर आधी कपाटाकडे यायला हवं, आणि कपाटाकडे यायचं तर माझ्या सुनेकडे. माझी सून एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. कुठला जिना निसरडा आहे, कुठली तार उघडी पडली आहे, कोणी हेल्मेट डोक्यावर घालायचं सोडून त्यात टोमॅटो ठेवलेत, हे शोधून काढण्याचा तिला पगार मिळतो. घरी आल्यावर ती बूट काढते, पर्स काढते, घड्याळ काढते. नजर तेवढी काढत नाही.

एके दिवशी तिला सेफ्टी पिन हवी होती. ती शोधताना तिला आमच्या घरात पुढील ठिकाणी दुखण्याच्या गोळ्या सापडल्या: माझ्या चष्म्याच्या घरात दोन. साखरेच्या डब्यामागे एक पाकीट. रेडिओवर, रेडिओखाली. शब्दकोशात 'य' या अक्षरापाशी एक अख्खी पट्टी. (ती मी खूण म्हणून ठेवली होती. शब्दकोश कोणी सलग वाचत नाही असं लोक म्हणतात. मी वाचतो.) मग तिने भिंगरीची रंगपेटी उघडली. गुलाबी रंगाच्या वडीशेजारी एक गुलाबी गोळी होती.

भिंगरी म्हणजे माझी नात. वय नऊ. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण ती एका जागी कधी थांबलीच तर आम्ही ते वापरणार आहोत.

"बाबा," सून हळू आवाजात म्हणाली. मोठ्या आवाजात म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. "आठ दिवस. आठ दिवसांत घरातली सगळी औषधं एका जागी, उंचावर, कुलपात, आणि नीट लावलेली. पुढच्या रविवारी मी तपासणार. नाहीतर शाळा सुटल्यावर भिंगरी पाळणाघरात जाईल. मी चौकशी केली आहे. जागा आहे."

आता तुम्हाला सांगतो. माझा मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला असतो. भिंगरी साडेतीनला शाळेतून येते आणि तिची आई साडेसहाला कामावरून येते. मधले तीन तास माझे. त्या तीन तासांत आम्ही मुंग्यांची रांग कुठे जाते ते पाहिलं आहे, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकमेकांचे हात तोलले आहेत, आणि एकदा घड्याळ उघडून परत जोडलं आहे. (ते चालतं. उलटं चालतं, ही अफवा भिंगरीच्या आजीने पसरवली आहे.) ते तीन तास गेले तर दिवसाचे उरलेले एकवीस तास घेऊन मी काय करू? मी उठलो. बसलो. पुन्हा उठलो.

"येरझारा घालून गोळ्या जागेवर लागणार आहेत का?" आजी म्हणाली. "कामाला लागा."

मी कामाला लागलो, आणि इथेच पहिली चूक झाली. दुसऱ्या कोणी गोळ्या उचलून एका डब्यात भरल्या असत्या. पण मी शिक्षक. वर्गीकरण दिसलं की माझा हात शिवशिवतो.

निवृत्त होताना शाळेने मला एक टेबलघड्याळ दिलं होतं, आणि मी स्वतःहून बारा रिकामे खडूचे डबे आणले होते. कशासाठी, ते तेव्हा मला माहीत नव्हतं. आता कळलं. मानवी शरीराचा जुना तक्ता होता, त्यातून मी अवयव कापून डब्यांवर चिकटवले. डोक्याच्या डब्यावर डोकं. कंबरेच्या डब्यावर कंबर. नाकाच्या डब्यावर नाक, हातापायांच्या डब्यावर हातपाय. खाली माझ्या लाल शाईच्या पेनाने ठळक नाव. हे पेन चौतीस वर्षं माझ्या खिशात आहे आणि त्याला मी कोणालाही हात लावू देत नाही. भिंगरी रोज मागते. रोज मी "मोठी झालीस की" म्हणतो.

बातमी जिन्यात पसरली. समोरच्या काकू आल्या. या काकूंचं घर म्हणजे गोळ्यांचं माहेर. शिंक आली तरी त्या पदराच्या गाठीतून गोळी काढतात.

"मास्तर, माझ्याही घ्या. एवढं करताच आहात तर सगळ्या जिन्यासाठी करा की!"

"ही कशावर घेता?" मी वही उघडून विचारलं.

"ही गुडघ्यावर."

"नाव काय हिचं?"

"नाव कोण पाठ करतं? पांढरी, लांबट."

"आणि ही?"

"ही डोक्यावर. हिचा गुण लगेच येतो. पांढरी, गोल."

वरच्या मजल्यावरचे विमावाले आले. हे गृहस्थ आयुष्यभर लोकांना पुढच्या संकटाची आठवण करून देत आले असल्यामुळे त्यांच्याकडे प्रत्येक संकटाची गोळी होती. त्यांनी हातापायांच्या ठणक्यावरची केशरी गोळी दिली आणि म्हणाले, "जोरदार आहे. जपून." जपून म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. वहीत 'जोरदार' असं लिहून घेतलं.

गोळ्या जमल्या, पण पट्ट्या खडूच्या डब्यांपेक्षा बोटभर लांब निघाल्या. झाकण बसेना. आता झाकण न बसलेला डबा सुनेला दाखवायचा? मी कात्री घेतली. पट्टीच्या कडेला बारीक अक्षरांत काहीबाही छापलेलं असतं, ते छाटलं आणि एकेका गोळीचा चौकोन सुटा केला की सगळं कसं चपखल बसतं! दोन दुपारी मी छाटत होतो आणि छाटलेल्या चंदेरी कडा जमिनीवर पडत होत्या. भिंगरी त्या गोळा करत होती.

"कशाला गं तुला?"

"सोमवारी चिकटकाम आहे. मासा करायचाय. खवल्यांना."

"बरं. पण छापलेलं काहीही..."

"...वाचल्याशिवाय फेकायचं नाही आणि चिकटवायचंही नाही. माहितीये."

हा नियम मीच तिला शिकवला आहे. हे वाक्य मी बोललो तेव्हा माझ्या हातात कात्री होती, याकडे तुमचं लक्ष गेलं असेल. माझं गेलं नाही.

मुदत संपलेल्या गोळ्यांचं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ते आठवलं की मला अजून खोलीत फेऱ्या माराव्या लागतात. त्या पिशवीत भरून मी औषधवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "आमच्याकडे अजून परत घ्यायची सोय नाही, मास्तर. रुग्णालयात विचारा." रुग्णालयाच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "इथे आजारी माणसं घेतात. गोळ्या सफाई खात्यात." सफाई खात्यात एक अर्ज होता. त्यात 'कचऱ्याचा प्रकार: ओला / कोरडा' अशी चौकट होती. मी म्हणालो, "गोळ्या कोरड्या आहेत, पण एक खोकल्याची बाटली आहे." कारकुनाने अर्ज उलटून पाहिला आणि तो म्हणाला, "मिश्र. मिश्रला साहेबांची सही लागते. साहेब बुधवारी." तो गुरुवार होता. मी पिशवी परत आणली, गाठ मारली, वर लाल पेनाने 'बाद' असं लिहिलं आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यासाठी राखून ठेवली.

शुक्रवारी संध्याकाळी कपाट टांगलं. विमावाल्यांनी खिळे ठोकले, मी धरलं. बाकीचं तुम्हाला, म्हणजे माझ्या कंबरेला, ठाऊकच आहे. कंबर अशी धरली की स्टुलावरून मला फर्निचरसारखं उतरवावं लागलं.

"दोन घ्या," समोरच्या काकू दारातून म्हणाल्या. "एकाने काय होतंय?"

मला वाईट वाटण्याऐवजी आनंद झाला. माझ्या पद्धतीची पहिली परीक्षा! मी कंबरेचा डबा उघडला, कंबरेच्या दोन गोळ्या घेतल्या आणि पाण्याबरोबर गिळल्या. तेव्हा आठ वाजले होते.

शनिवार उजाडला. उद्या तपासणी, आणि कपाटाचं एक दार तिरकं, कुलूप बसायचं बाकी, डब्यांची रांग लावायची बाकी. आणि मला बसता येईना, उभं राहता येईना, आडवं झालं तर परत उठता येईना. साडेसात वाजता कंबरेच्या डब्यातून दोन घेतल्या. नऊ वाजता विमावाले बिजागरी ठोकायला आले. त्या ठोकाठोकीने डोकं दुखायला लागलं, म्हणून डोक्याच्या डब्यातून एक. सव्वादहाला कपाटामागची धूळ नाकात गेली. सतरा शिंका. आजीने मोजल्या, मदत केली नाही. नाकाच्या डब्यातून एक. साडेअकराला विमावाल्यांनी हातोडा मला दिला. "जरा धरा," म्हणाले. मी धरला आणि उगाच एक ठोका मारला. अंगठा. हातापायांच्या डब्यातून एक केशरी, जोरदार. पाऊण वाजता लक्षात आलं की एवढं सगळं होऊनही कंबर आहे तिथेच आहे. म्हणून कंबरेच्या पुन्हा दोन.

यात गंमत अशी की मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. डोक्याची गोळी मी कंबरेला घेतली नव्हती. नाकाची अंगठ्याला घेतली नव्हती. जे जिथलं, ते तिथेच.

"अहो, सकाळपासून किती घेतल्यात?" आजीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"ज्याची त्याला. जास्त एकही नाही."

"पोटात काही आहे का?"

"पोटाच्या डब्यातलं अजून काही घेतलेलं नाही," मी म्हणालो.

तिने भांडं जरा जोरात ठेवलं.

शाळेला सुटी होती, त्यामुळे भिंगरी जेवणाच्या टेबलावर मासा करत बसली होती. बसली होती म्हणजे एक गुडघा खुर्चीवर, एक पाय हवेत. मी कपाटापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून कपाटापर्यंत फेऱ्या घालत होतो.

"आजोबा, एक विचारू?"

"विचार."

"या माशाच्या अंगावर सगळीकडे एकच शब्द कसा?"

"कुठला?"

"लांब आहे. पॅ-रा-सि-टा-मॉल."

"तो कंबरेच्या गोळीचा असेल."

"पाठीवर आहेच. पण डोक्यावर पण आहे. नाकावर पण. परांवर पण आहे, तिथे अजून एक शब्द आहे. आय-ब्यु-प्रो-फेन."

मी फेरी अर्धवट सोडून टेबलाशी आलो.

आता हा मासा कसा होता ते नीट ऐका. माझी नात आहे ती, तिने खवले कसेही चिकटवले नव्हते. मी डोक्याच्या डब्यासाठी ज्या पट्ट्या छाटल्या, त्यांच्या कडा तिने माशाच्या डोक्याला लावल्या होत्या. कंबरेच्या कडा पाठीला. नाकाच्या तोंडापाशी. हातापायांच्या परांना, कारण माशाचे हातपाय म्हणजे तेच. माझ्या सगळ्या डब्यांवरचं कापून टाकलेलं त्या माशाच्या अंगावर जागच्या जागी होतं.

मी चष्मा पुसला. मग ठेचलेला अंगठा सोडून उरलेल्या बोटांवर मोजलं. मग बोटं कमी पडली.

मी औषधवाल्याला फोन केला. तो इतर वेळी 'बोला मास्तर' म्हणतो. या वेळी सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "काल आठ वाजल्यापासून किती वेळा?"

"सहा. पण सगळ्या वेगवेगळ्या..."

"वेगवेगळ्या नाहीत, मास्तर. एकच औषध आहे, कागद वेगवेगळे आहेत. लगेच रुग्णालयात जा."

"पण मला तर बरं वाटतंय. कंबर सोडली तर."

"तेच तर. यात पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. कळेल तेव्हा यकृताचं नुकसान झालेलं असतं. थांबू नका. आणि जाताना पट्ट्या न्या."

"पट्ट्या नाहीत," मी म्हणालो. "चौकोन आहेत."



आजीने कंबरेला शेकायची रबरी पिशवी घेतली, भिंगरीने मासा घेतला, मी खडूचे डबे आणि माझी वही घेतली. टॅक्सीत मला बसवेना, म्हणून मी मागच्या सीटवर गुडघ्यांवर टेकून मागच्या काचेतून बाहेर बघत गेलो. मागच्या गाडीतल्या मुलाने मला हात केला. मीही केला.

रुग्णालयाच्या खिडकीवर तोच माणूस होता.

"परत गोळ्या आणल्यात?"

"आणल्यात. पण आता त्या आत आहेत," मी पोटाकडे बोट दाखवलं.

त्याने फॉर्म ओढला. "तक्रार काय?"

"तक्रार काही नाही."

"मग आलात कशाला?"

"मला बरं वाटतंय, म्हणून."

तो माझ्याकडे बघत राहिला. "आजोबा, बरं वाटणाऱ्यांची इथे खिडकी नाही."

आजी पुढे झाली. "लिहा: गोळ्या जास्त खाल्ल्या. नऊ वर्षांच्या मुलीला कळलं, एकाहत्तर वर्षांच्या माणसाला कळलं नाही."

"एवढं सगळं बसत नाही यात," तो म्हणाला, पण त्याने मला आत पाठवलं.

तरुण डॉक्टरबाई आल्या. "कोणती गोळी घेतली?"

"डोक्याची."

"डोक्याची म्हणजे?"

मी डबा पुढे केला. त्यांनी डब्यावरच्या डोक्याकडे पाहिलं, झाकण उघडलं, आतला चौकोन उलटसुलट करून पाहिला. त्यावर काहीही नव्हतं. मग दुसरा डबा उघडला. तिसरा.

"यावरची नावं कुठे गेली?"

मुलांनो, मी चौतीस वर्षांत हजारो मुलांना खाली मान घालायला लावली आहे. त्या खोलीत, त्या डब्यांसमोर, मी स्वतः ती घातली. म्हणजे घातली असती, पण कंबरेमुळे घालता आली नाही. म्हणून छताकडे बघितलं.

"माझ्याकडे आहेत," भिंगरी म्हणाली आणि मासा टेबलावर ठेवला.

डॉक्टरबाईंनी मासा उचलला. दिव्याखाली धरला. आणि पुढची पाच मिनिटं त्या माझं नाही, माशाचं अंग तपासत होत्या.

"डोकं, सहाशे पन्नास मिलिग्रॅम. पाठ, पाचशे. तोंड... सर्दीची गोळी, तिच्यातही पाचशे. पर, तीनशे पंचवीस, शिवाय आयब्युप्रोफेन चारशे. शेपटीत काय आहे?"

"शेपटीला कडा पुरल्या नाहीत. तिथे चॉकलेटचा कागद आहे."

"आणि डोळा?"

"शर्टाचं बटण."

"ते यांनी खाल्लं नाही ना?"

"नाही," भिंगरी गंभीरपणे म्हणाली. मग तिने माझ्या वहीच्या कोपऱ्यात बेरीज मांडली. काल रात्रीचे हजार. सकाळचे हजार. सहाशे पन्नास. पाचशे. तीनशे पंचवीस. पुन्हा हजार. हातचा घेताना तिने जीभ बाहेर काढली, ही सवय मी मोडू शकलेलो नाही. "चार हजार चारशे पंच्याहत्तर."

"धडधाकट मोठ्या माणसाने चोवीस तासांत चार हजारांच्या पुढे कधीच जायचं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या वयाला त्याच्याही बरंच आधी थांबायचं. आणि दोन वेळांमध्ये निदान चार ते सहा तास. तुम्ही तर दुपारच्या जेवणाच्या आत साडेतीन हजार गाठलेत. रक्तदाबाची गोळी चालू आहे?"

"आहे."

"मग ती केशरी विचारल्याशिवाय घ्यायचीच नव्हती. तीही रिकाम्या पोटी. कोणी दिली?"

"विमावाल्यांनी."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं, मग परत उचललं.

रक्त घेतलं. थांबायला सांगितलं. पुन्हा घेणार होते. तोपर्यंत कंबरेला काहीही मिळणार नव्हतं, शेक सोडून. मी त्या लांब व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घातल्या. एका टोकाला घड्याळ होतं, दुसऱ्या टोकाला वजनकाटा. घड्याळ पुढे सरकत नव्हतं, म्हणून मी दर फेरीला वजन बघत होतो. तेही सरकलं नाही. मला यकृताची भीती वाटत होती का? वाटत होती. पण खरं सांगू, प्रत्येक फेरीला डोळ्यांसमोर साडेतीन वाजत होते, आणि दारात कोणी येत नव्हतं.

तेवढ्यात खरोखरच साडेतीन वाजले आणि दारात माझी सून आली. डोक्यावर कारखान्याचं पिवळं हेल्मेट तसंच होतं. ते काढायचं ती विसरली होती. तिने डॉक्टरबाईंशी बोलून घेतलं, मासा दोन्ही हातांत धरून नीट पाहिला, आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाबा, बसा."

"बसता येत नाही."

"मग चालू या." आणि ती माझ्या बाजूने चालायला लागली. तिसऱ्या फेरीला म्हणाली, "गोळ्या इकडेतिकडे पडल्या होत्या, तेही चाललं असतं, बाबा. पण तुम्ही नावं कापलीत."

त्या फेरीला मी वजनकाट्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी दुसरा अहवाल आला. यकृत शाबूत होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वेळेवर आलात. सोमवारी परत एकदा रक्त तपासून घ्या. आणि मासा जपून ठेवा." खिडकीवरच्या माणसाने माझा कागद परत देताना विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"वाईट," मी म्हणालो.

"छान," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

रविवारी सकाळी ठरल्याप्रमाणे तपासणी झाली. कपाट उंचावर होतं. कुलूप होतं. दार तिरकंच होतं, पण बंद होत होतं. आत एकही खडूचा डबा नव्हता. सगळे चौकोन 'बाद'च्या पिशवीत गेले होते आणि त्या पिशवीसाठी सून स्वतः बुधवारी साहेबांना भेटणार होती. (मला त्या साहेबांची थोडी दया आली.) कपाटात फक्त एक नवी, अखंड, नाव-तारीख-मात्रा सगळं असलेली पट्टी होती आणि शेजारी एक वही: कोणी घेतली, कोणती, किती, किती वाजता. समोरच्या काकू दारातून डोकावल्या. "एवढंच? मी आणू का काही?" तेव्हा आजीने दार लावून घेतलं.

मला वाटलं, सुटलो.

सुनेने कपाटाची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि पर्समधून एक फॉर्म काढून टेबलावर ठेवला. पाळणाघराचा. वरच्या ओळीत भिंगरीचं पूर्ण नाव आधीच लिहिलेलं होतं.

"तुमच्यावर राग नाही, बाबा," ती म्हणाली. "पण मी कामावर असताना दुपारी घरात लक्ष ठेवायला कोणीतरी हवं की नको?"

मी खिडकीपर्यंत गेलो. परत आलो. तीन तासांच्या बाजूने मी कुठला पुरावा देणार होतो? घड्याळ? मुंग्या?

भिंगरीने फॉर्म स्वतःकडे ओढला आणि वाचायला लागली. पहिल्या ओळीपासून, बारीक अक्षरांसकट, मग उलटून मागची बाजू. मी शिकवलं तसं.

"आई, पाळणाघरात आजोबांना घेतात का?"

"आजोबांना कशाला?"

"लक्ष तर त्यांच्यावर ठेवायचंय ना?"

आजी जोरात हसली आणि मग तिने ओट्याकडे तोंड केलं. सून हसली नाही. पण तिने फॉर्म परत मागितला नाही.

भिंगरी उठली, माझ्याजवळ आली आणि माझ्या खिशातून लाल पेन काढलं. मी ते काढू दिलं. तिने पहिल्या ओळीतलं स्वतःचं नाव एका सरळ रेघेने खोडलं आणि वर लिहिलं: आजोबा. वय: एकाहत्तर. सवयी: कात्री. चालू औषधे: रक्तदाबाची, बाकी काहीही आईला किंवा औषधवाल्या काकांना विचारल्याशिवाय नाही, आणि नाव वाचल्याशिवाय तर नाहीच. येण्याची वेळ: साडेतीन. सोडण्याची वेळ: साडेसहा. 'जबाबदार व्यक्ती' या ओळीत तिने आपलं नाव पूर्ण, आडनावासकट, गोल अक्षरात लिहिलं. मग फॉर्म फिरवून आईपुढे ठेवला आणि शेवटच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं.

"इथे तुझी."

सुनेने सगळा फॉर्म वाचला. ती सुरक्षा अधिकारी आहे, तिला वेळ लागला. 'सवयी'पाशी तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग तिने भिंगरीच्या हातातून पेन घेतलं, सही केली आणि पेन परत भिंगरीला दिलं.

मी माझ्या पेनासाठी हात पुढे केला.

भिंगरीने माझ्या हाताकडे पाहिलं, पेनाला टोपण लावलं, ते आपल्या कंपासपेटीत ठेवलं आणि पेटीचं झाकण बंद केलं.